कच्चे मडके आणि बंद पाकीट

वसमतच्या शेजारी, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ज्योतिर्लिंग म्हणून पुजला जाणारा नागनाथ त्याच तालुक्यात आहे, आणि संत नामदेवांची नरसी याच हिंगोली जिल्ह्यात. त्यामुळे इथे एक प्रश्न सहज उभा राहतो. देव दिसत नाही, या लहरीही दिसत नाहीत. मग एकाला मानणारा भाबडा आणि दुसऱ्याला मानणारा शहाणा, हे कोणी ठरवले? प्रश्न रास्त आहे, पण त्याची दोन ठरावीक उत्तरे आळशी आहेत. यंत्राने मोजले ते खरे आणि बाकी थोतांड, हे एक. विश्वाचे मूळ नाद मानून नादब्रह्म सांगणाऱ्या ऋषींना हे सगळे आधीच ठाऊक होते, हे दुसरे. माझ्या मते फरक अदृश्याला मानण्या-न मानण्यात नाहीच. आपले मानणे खोटे ठरू शकेल अशी सोय माणूस आपणहून करून ठेवतो की नाही, यात तो आहे.

अशी सोय नसली तर काय होते, ते या शोधाच्या इतिहासातच पाहायला मिळते. १९६९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ वेबर यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या जड दंडगोलांच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी पकडल्याचे जाहीर केले. इतरांनी तशीच उपकरणे उभारली, पण कोणालाच काही सापडेना. वेबर मात्र अखेरपर्यंत आपल्या दाव्यावर ठाम राहिले. त्यांची निष्ठा खोटी नव्हती. निष्ठा म्हणजे पुरावा नव्हे, एवढेच त्यातून कळले. हा धडा अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने गिरवला. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या माणसांनी गुपचूप एक खोटा संकेत उपकरणांत सोडला. असे कधीतरी होऊ शकते हे सर्वांना माहीत होते. कधी, ते माहीत नव्हते. शेकडो शास्त्रज्ञांनी त्या संकेतावर महिनोन् महिने काम केले, शोधनिबंधही तयार केला, आणि मार्च २०११ मध्ये भर सभेत बंद पाकीट उघडून संकेत बनावट असल्याचे सांगण्यात आले. म्हणून १४ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची लहर आली, तेव्हा आनंदाआधी शंका आली: हाही कोणी सोडला आहे का? त्या लहरीने लायगोच्या उपकरणाच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांत घडवलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान होता. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी गोंगाटातून असा संकेत निवडण्याच्या गणिती पद्धती कित्येक वर्षे घडवत होते. तरीही घोषणा व्हायला पाच महिने गेले.

एकाच ठिकाणच्या साक्षीवर विसंबायचे नाही, हा यातला दुसरा नियम. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाला जमिनीखालचे गूढ आवाज नवे नाहीत, आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंपही झाला. असा स्थानिक हादरा जवळच्या उपकरणाला खडबडून जागे करील. पण हजारो किलोमीटर दूरच्या उपकरणात, प्रकाशाच्या वेगाला जुळेल इतक्या अवधीत, तो तशाच रूपात उमटणार नाही. २०१५ ची लहर अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या दोन्ही ठिकाणी उमटली, अवघ्या ७ मिलिसेकंदांच्या अंतराने. आपल्या पायाखालचा हादरा विश्वाचा मानू नये, यासाठीच दुसरा साक्षीदार लागतो. अनुभव कितीही तीव्र असला तरी तो आपल्याच जागेचा असू शकतो, हे भान धर्मविचारालाही परके नसावे.

आणि या भूमीत ते परके नव्हतेच. कुंभार असलेल्या संत गोरोबाकाकांनी मडकी थापटायचे थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली, नामदेवांना कच्चे मडके ठरवले, आणि पुढे औंढ्याला विसोबा खेचरांनी त्यांचे डोळे उघडले, अशी वारकरी परंपरेची कथा आहे. तिच्यात चमत्कार आहेत. इतिहास म्हणून ती मी पुढे करत नाही. पण पांडुरंगाशी बोलणाऱ्या भक्तालाही परीक्षेतून सूट नाही, असे मानणाऱ्या लोकांनीच ती जपली. नामदेवांचा अहंकार दुखावला गेला, तरी परंपरेने तो प्रसंग गाळला नाही. खोट्या संकेताची कबुली देणारी ती सभा आणि ही कथा यांच्यात एक नाते आहे: दोन्हीकडे स्वतःच्या खात्रीवर संशय घेणे हीच पात्रता ठरते. गोरोबांची कसोटी माणसाची होती, लायगोची दाव्याचीही आहे, हा फरक मात्र पुसता येणार नाही.

यावर भाविक म्हणेल, भक्ती हा दावा नव्हेच. तिला मोजपट्टी कशाला? मान्य. भक्ती जोवर जगण्याची रीत आहे, तोवर कोणतेही यंत्र तिला खोटे पाडू शकत नाही, आणि खरेही ठरवू शकत नाही. पण भूगर्भातला आवाज म्हणजे दैवी कोप, किंवा नादब्रह्म म्हणजेच गुरुत्वीय लहर, असे कोणी म्हटले की तो जगाविषयी बोलला. मग जगाची साक्ष त्याला टाळता येत नाही. कोणत्या संकल्पनेतून कोणती वारंवारता निघते, हे आधी सांगता येत नसेल, तर निकाल लागल्यावर श्रेय मागणे हा ऋषींचा गौरव नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: वसमतच्या हळद बाजारातला माणूस ही समीकरणे तपासू शकत नाही, मग त्याचे विज्ञान म्हणजे शास्त्रज्ञांवरची श्रद्धाच ना? काही अंशी, होय. पण हा विश्वास व्यक्तींवर नाही. ज्या व्यवस्थेत वेबर यांचा दावा इतरांनी खोडून काढला, जिने स्वतःलाच फसवून पाहिले, जिची निरीक्षणे विश्लेषणासाठी खुली केली जातात, त्या व्यवस्थेवर तो आहे. दुधाळ्याची वेधशाळा त्याच व्यवस्थेतला आणखी एक साक्षीदार असेल, आणि लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे ठरवणे तिच्यामुळे सोपे होईल. तिला नास्तिकतेचे स्मारक करू नये, प्राचीन ज्ञानाचे प्रमाणपत्रही करू नये. तिच्याकडून घ्यायची ती सवय: ‘हे खरे आहे’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शास्त्रज्ञ असो की कीर्तनकार, ‘काय दिसले तर तुम्ही हे सोडून द्याल?’ असे विचारण्याची, आणि हा प्रश्न आधी स्वतःला विचारण्याची.