बंबखान्यातील चंदी

“मोटार आली, वेग आला, पण आगीच्या बंबातले काव्य मात्र घोड्यांबरोबर गेले,” असे उद्गार एका वृद्ध स्नेह्यांनी परवा काढले, आणि तेव्हापासून ते वाक्य मनात सलत आहे. काव्याविषयी मला काहीच म्हणावयाचे नाही, परंतु मोटार वेगासाठी आली हे त्यांचे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

वेग निराळा आणि सिद्धता निराळी, हे माझे जुने तुणतुणे. न्यूयॉर्कच्या बंबखान्यात घंटा होताच घोडे ठाणावरून आपण होऊन निघत, छताला टांगलेल्या साजाखाली उभे राहत, आणि बॉयलरातील पाणी आधीच ऊन ठेवलेले असल्यामुळे बाष्पबंब वाटेतच वाफ धरी. हँडल मारून चालू कराव्या लागणाऱ्या आरंभीच्या मोटारीने ही सिद्धता दिपवून टाकली असेल, असे मानणे कठीण आहे. लांब पल्ल्यावर घोडा थकतो हे खरे. पण तो हरला मुख्यतः दप्तरात. आग लागो न लागो, चंदी, वैरण, नालबंदी, मोतद्दार, साळोत्री हा खर्च रोजचाच. मोटार धावेल तेवढेच पेट्रोल पिते, आणि गाडी ओढणारे इंजिनच पुढे पंप फिरवते. दप्तराची काटकसर तरी केवढी! चांगले बाष्पबंब मोडीत काढणे जिवावर आल्यामुळे न्यूयॉर्कने घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर जोडून तेच बंब कित्येक वर्षे वापरले. जॉर्जियातील सव्हाना शहराचे सारे दल १९११ मध्येच मोटारीवर आले होते. न्यूयॉर्कचे घोडे मात्र ब्रुकलिनमध्ये शेवटचे धावले ते २० डिसेंबर १९२२ रोजी.

काव्यप्रेमी स्नेह्यांनी बॉस्टनही आठवावे. १८७२ साली अमेरिकेतील घोड्यांत साथ पसरली, आणि नोव्हेंबरात शहर पेटले तेव्हा जनावरे तबेल्यात आजारी असल्यामुळे बंब माणसांनी ओढले. सातशेहून अधिक इमारती गेल्या. अर्थात अरुंद जलवाहिन्या आणि लाकडी छपरे हीही त्या अनर्थाची कारणे होती. सगळे पाप घोड्यांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

येथवर मी मोटारीचा वकील होतो. परंतु खर्चाची ती यादी लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की, घोड्याला विसरता येत नाही. तो सकाळी खिंकाळतो, लंगडला तर दिसतो, त्याला रोज फिरवावे लागते, आणि त्या निमित्ताने माणसांचाही अभ्यास टिकतो. उलट मोटार महिनोन् महिने निमूट उभी राहते, तिची बिघडलेली झडप कोणाला हाक मारीत नाही. ज्या गुणावर मोटारीने पैज जिंकली, तो गुणच सिद्धतेच्या मुळावर येऊ शकतो. स्नेह्यांचे काव्य मला अजूनही नको आहे आणि तबेला परत बांधा असेही मी म्हणत नाही. पण अग्निशमनाच्या अंदाजपत्रकात चंदीची बाब मोटारीच्या नावे पुन्हा घालावी, आग नसतानाही रोज इंजिन चालू करून पंपातून पाणी सोडण्याइतक्या इंधनाची आणि मनुष्यबळाची मंजुरी द्यावी, असे आता मला वाटते. मग हिशेबनीस त्यावर तांबड्या शाईने काय शेरा मारील तो मारो.