काढून टाकण्याचा अधिकार

एखादी गोष्ट नव्याने जोडावयाची झाली, तर आपण चार जणांना विचारतो, खर्चाचा हिशेब मांडतो आणि पुष्कळदा बेतच रहित करतो. काढून टाकावयाची झाली, की मात्र एवढ्या विचाराची गरज कुणाला वाटत नाही. ‘लागत नाही’ हे दोन शब्द उच्चारले की काम भागते. जोडणाऱ्याकडे आपण कारण मागतो. काढणाऱ्याकडे ते सहसा कुणी मागत नाही. हा पक्षपात कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न माझ्यापुढे एखाद्या ग्रंथातून आला नाही. तो एका जुन्या लष्करी ट्रकपाशी उभा असताना आला.

बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजी हे गाव मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान महामार्गावर आहे. सुरतेकडून कोलकात्याकडे जाणाऱ्या या रस्त्याला पूर्वी सहा नंबरचा म्हणत. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. रस्त्याच्या कडेला गॅरेजे आहेत, आणि त्यांतल्या एकात लष्कराच्या लिलावातून आलेला एक ट्रक उभा होता. नवा मालक त्याच्या पाठीवर क्रेन चढवून, खड्ड्यात गेलेल्या गाड्या ओढून काढण्यासाठी तो वापरणार होता. मिस्त्रींनी इंजिनाच्या हवा घेण्याच्या वाटेवरचे एक उपकरण खोलावयास घेतले होते. ते त्याला नुसते ‘हीटर’ म्हणत.

या हीटरचे काम काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. डिझेल इंजिनाला पेटण्यासाठी ठिणगी लागत नाही. सिलिंडरात ओढलेली हवा पिस्टनने सोळा-अठरा पट दाबली, की ती इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डीझेलने १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे या तत्त्वावरचे इंजिन यशस्वी करून दाखविले. परंतु आत येणारी हवाच बर्फासारखी असली आणि सिलिंडरच्या भिंती गारठलेल्या असल्या, तर दाबातून निर्माण झालेली उष्णता लोखंडच शोषून घेते. डिझेल नुसते भिजत राहते, पेटत नाही. म्हणून हवा आत शिरण्यापूर्वीच तिला तापविण्याची सोय करतात. काही गाड्यांत विजेची जाळी असते. काहींत चक्क एक लहानशी शेगडी असते: बारीक नळीने डिझेल येते, प्लगच्या ठिणगीने ते पेटते, आणि त्या ज्योतीवरून गेलेली हवा ऊब घेऊन इंजिनात शिरते. इंजिन चालू होऊन तापले, की शेगडीचे काम संपले.

अमेरिकन लष्कराच्या एम-३५ जातीच्या ट्रकांतील बहुइंधनी इंजिनाला अशीच शेगडी होती. त्या इंजिनातील ज्वलनाची पद्धत जर्मनीच्या मान कंपनीतील मॉयरर यांची. तीत इंधन पिस्टनमधील वाटीच्या भिंतीवर पसरविले जाते आणि तेथून त्याची वाफ होऊन ते जळते. या युक्तीने इंजिन नाना प्रकारची तेले पचवू लागले. पण भिंत थंड असेल तर वाफच होईना. ज्या गुणामुळे ते काहीही खाऊ शकत होते, त्याच गुणामुळे त्याला पहाटे उठताना शेकोटी लागू लागली. याच मान कंपनीच्या आराखड्यावरून १९५९ पासून जबलपूरला आपला ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागला.

आता हीटर काढण्याची बाजू ऐकावी. ती दुबळी नव्हती. नळीच्या जोडातून डिझेल झिरपत होते, वायरींची रबरे तडकली होती. विझलेली शेगडी निरुपद्रवी असते, गळणारी नसते. इंजिनावर टपकणारे डिझेल केव्हा पेट घेईल याचा नेम नाही. अमेरिकेतसुद्धा जुने लष्करी ट्रक बाळगणारे हौशी लोक हा हीटर काढून टाकतात. मिस्त्री म्हणाले, “आपल्या इकडे काय बरफ पडते काय, सर? मे महिन्यात या टपावर पापड भाजते!” मालकाचा मुद्दा त्याहून मार्मिक होता. तो म्हणाला, “हा ट्रक पेन्शनीत आला, सर. पेन्शनीतल्या जवानाले बरफातला कोट कायले पाहिजे?”

मला या प्रश्नाचे उत्तर चटकन देता आले नाही, आणि ते चटकन देण्यासारखे आहे असे मला आजही वाटत नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या मुलखात हवा तापविण्याचे यंत्र वागवीत फिरणे हा विनोदच आहे. तरीही ‘लागत नाही’ हे वाक्य मला खटकले, आणि का खटकले ते हळूहळू उमगले. ते वाक्य अपुरे आहे. कुणाला लागत नाही, कुठे लागत नाही, केव्हा लागत नाही, यांतले काहीच त्यात सांगितलेले नाही. आपण आपले गाव, आपला ऋतू आणि आपली गरज त्या रिकाम्या जागेत गुपचूप बसवितो आणि वाक्य सार्वत्रिक सत्यासारखे उच्चारतो.

ज्याने हा हीटर बसविला, त्याला ट्रक कुठे जाणार हे ठाऊक नव्हते. तो राजस्थानच्या वाळूत जाईल की द्रासला जाईल, जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरतो, हे त्याच्या हाती नव्हते. म्हणून त्याने सगळ्यांत कठीण जागा गृहीत धरली. ज्याला आपण कधी पाहणार नाही अशा कुणा चालकाची पहाट त्याने डोळ्यांपुढे आणली. मला ही गोष्ट निव्वळ यंत्रशास्त्राची वाटत नाही. अनोळखी माणसाची अडचण आधीच ओळखून तिची तरतूद करणे, याला करुणेवाचून दुसरे कोणते नाव द्यावे? तीत कळवळा नाही, अश्रू नाहीत. एक नळी, एक प्लग आणि चार बोल्ट आहेत, एवढेच.

आणि ही तरतूद नसली म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात नेफाच्या डोंगरांत आपले कितीतरी जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत लढावयास उभे राहिले. मैदानातून घाईने हलविलेल्या पलटणी मैदानातल्याच कपड्यांनिशी वर चढल्या होत्या. त्यांची लोकर कुणी दुष्टपणाने हिरावून घेतली नव्हती. ते होते तिथे ती लागत नव्हती, एवढेच. आमचा वऱ्हाड कापसाचा मुलूख. सुताचे गुण आम्हांला कुणी शिकवावयास नकोत. पण कोणतेही चांगले वस्त्र सर्व ऋतूंना पुरत नाही, हेही आम्ही जाणले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, की हा तर जुने ते सारे जपून ठेवण्याचा उपदेश झाला. तसे मला म्हणावयाचे नाही. आमच्याकडे पूर्वी ज्वारी साठविण्यासाठी जमिनीत पेव खणीत. सुकाळात पेव म्हणजे दडवून ठेवलेले ओझेच. पुढे रेशन आले, १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आले, ज्वारीचा पेराही घटला. पेवे बुजत गेली. ते गैर झाले असे मी म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राला तारले ते रोजगार हमीच्या कामांनी आणि बाहेरून आलेल्या धान्याने. त्या लाल मिलोची चव पुष्कळांच्या जिभेवर अजून आहे. पेवाचे काम दुसऱ्या कुणी पत्करले, म्हणून पेव बुजविता आले. पण ज्याने ते पत्करले, त्याच्या गोदामाकडे लक्ष ठेवण्याचे काम आता आपले झाले. आपले काम दुसऱ्यावर सोपविले म्हणजे आपली काळजी संपली, असे होत नाही.

शिवाय सगळ्याच जुन्या गोष्टी उबेसाठी बसविलेल्या नसतात. ‘हे कशासाठी होते?’ हा प्रश्न सनातन्यांच्या हातातील ढाल होऊ शकतो, याची मला जाणीव आहे. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या बंदीचे प्रयोजन त्यांना कळले नव्हते म्हणून त्यांनी ती झुगारली काय? उलट, तिचे प्रयोजन इतर कुणाहीपेक्षा त्यांना अधिक कळले होते. ते त्यांनी अंगावर भोगले होते. काही शेगड्या हवा तापवीत नाहीत. त्या माणसांनाच भाजतात. तेव्हा प्रयोजन समजून घेणे म्हणजे राखून ठेवणे नव्हे. पुष्कळदा प्रयोजन समजणे हेच काढून टाकण्याचे सर्वांत बळकट कारण असते.

एवंच, काढून टाकण्याचा अधिकार मी नाकारीत नाही. तो फुकट मिळत नाही, एवढेच म्हणतो. त्याची किंमत तीन प्रकारची आहे, आणि ती मला तत्त्वज्ञांपेक्षा वडनेरच्या मिस्त्रींच्या हातांनी अधिक स्पष्ट करून दाखविली. पहिली किंमत ज्ञानाची. कोणती नळी कुठून येते आणि कोणती वायर काय करते, हे त्यांना तोंडपाठ होते. अंदाजाने त्यांनी एकही नट सैल केला नाही. दुसरी किंमत मागे राहणाऱ्या भोकाची. हीटर निघतो, पण त्याची जागा निघत नाही. हवेच्या वाटेवरचे ते भोक फिल्टरच्या पलीकडे असते; ते उघडे राहिले तर आमच्या काळ्या मातीची धूळ गाळल्यावाचून आत जाते आणि काही दिवसांत पिस्टनच्या रिंगा खाऊन टाकते. म्हणून मिस्त्रींनी जाड पत्र्याची पट्टी कापली, खाली पॅकिंग घातले, डिझेलची नळी बुचाने बंद केली आणि वायरीचे टोक गुंडाळून बांधले. काढण्याला पाच मिनिटे लागली असतील. मिटविण्याला अर्धा दिवस गेला. जगातील पुष्कळ सुधारणा फसतात त्या काढण्यात नव्हे, या अर्ध्या दिवसात.

तिसरी किंमत पुढच्याला सांगण्याची. हीटर भंगारात टाकण्याऐवजी मालकाने तो गोणपाटात गुंडाळून सीटखाली ठेवला. “गाडी विकली तर संगच देऊ,” तो म्हणाला. कदाचित तो कधीच परत बसणार नाही; पण पुढचा मालक जर थंड मुलखातला निघाला, तर आपल्या गाडीतून काय काढले गेले आहे हे त्याला कळेल. न सांगता काढलेली गोष्ट ही दोनदा काढलेली असते: एकदा वस्तूतून, आणि एकदा माणसाच्या माहितीतून. पहिली परत बसविता येते, दुसरी नाही.

आपण सगळेच वारशाने मिळालेल्या गाड्या चालवितो. भाषा, कायदे, घराची रीत, गावाची व्यवस्था यांत कितीतरी नळ्या आणि प्लग अशा थंडीसाठी बसविलेले आहेत, जी आपण अनुभवलेली नाही. त्यांतले काही गळत आहेत, ते काढलेच पाहिजेत. मात्र काढताना आपण एका अनोळखी माणसाशी व्यवहार करीत आहोत, हे विसरू नये. बसविणारा गेला आणि पुढचा चालक अजून यावयाचा आहे. दोघांपैकी कुणीच बोलू शकत नाही. अशा वेळी ‘लागत नाही’ हे वाक्य पूर्ण करून बोलण्याची जबाबदारी, हातात पाना असलेल्या माणसावरच पडते.