निवृत्त खेळाडूचे ऋण

खेळाडूने मैदान सोडले म्हणजे लोकांनी त्याच्यावर केलेले प्रेम कोठे जाते? जपानचा विख्यात फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाता २००६ साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, निवृत्त झाला. असा प्रश्न त्याच्या चाहत्यांनाही पडला असेल. पण आम्हांस त्यासाठी जपानला जाण्याचे कारण नाही. आमच्या बडोद्यातच विजय हजारे होऊन गेले.

हजारे १९१५ साली सांगलीस जन्मले, बडोद्याचे झाले आणि १८ डिसेंबर २००४ रोजी येथेच निवर्तले. मार्च १९४७ मध्ये याच शहरी, होळकर संघाविरुद्ध, गुल महंमद यांच्यासह त्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. १९५२ साली मद्रासेस भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली.

परंतु त्यांचे दोन थोर पराक्रम पराभवातले आहेत. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत ११६ आणि १४५. दोन्ही वेळा संघ डावाने हरला. लोकप्रियता ही केवळ विजयाची सावली असती, तर हे डाव केव्हाच विस्मृतीत गेले असते. शिवाय मुंबईचे ते सामने धर्मवार संघांचे होते. हजारे ख्रिस्ती, त्या दिवशी ते हिंदू संघाचे प्रतिस्पर्धी होते. आज आपलीच मुले त्यांच्या नावाच्या करंडकासाठी झुंजतात. गुणाला पंथ नसतो, हे मैदानाने आपल्याला शिकविले.

तथापि करंडकाला नाव दिले म्हणजे ऋण फिटले काय? आम्ही वकिलीच्या भाषेत सांगतो. मुदत टळली की सावकाराला दावा लावता येत नाही. पण म्हणून कर्ज नाहीसे होत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, असे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी व सहीनिशी वचन ऋणकोने दिले, तर ते त्याच्यावर बंधनकारक होते. निवृत्त खेळाडू टाळ्या मागू शकत नाही. त्याची मुदत संपली. करंडकावर त्याचे नाव कोरणे हे मात्र आपण आपखुशीने दिलेले लेखी वचन आहे. वचन म्हणजे फेड नव्हे. ज्याला करंडक ठाऊक पण माणूस ठाऊक नाही, अशा मुलाला तो माणूस हरत्या डावात कसा उभा राहिला हे सांगणे, ही खरी फेड.

देवाला वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. पण ते कोणी पायदळी तुडवीत नाही. आपल्या गावी एखादा वृद्ध खेळाडू असेल, तर येत्या उत्सवात त्याला सन्मानाने बोलवावे, मुलांना त्याच्याजवळ बसवावे. निधनानंतरच्या शोकसभेपेक्षा हे अधिक उचित होय.