दिवे कोणी घालवले?

महाविद्यालयातील मुलांनी स्वतःच्या हिमतीवर घडवून आणलेले व्याख्यान किंवा माहितीपटाचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. एखादी रिकामी वर्गखोली, कोणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर, भिंतीवर ताणलेली पांढरी चादर, वीस-पंचवीस मुले आणि शेवटी चहा. पाठ्यपुस्तकात जे येत नाही ते तेथे येते. दंगल येते, जात येते, धरण येते, कविताही येते. माहितीपट संपला की दिवे लागतात आणि मुले बोलू लागतात. माझ्या मते खरा कार्यक्रम तेव्हा सुरू होतो. तकरीर ऐकून माणूस मुकाट्याने घरी जातो. येथे मात्र ऐकणाऱ्यालाही उलट विचारता येते. आणि नेमकी त्याचीच अनेकांना धास्ती वाटते.

24 जानेवारी 2023 च्या रात्री दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी संघाने बीबीसीचा ‘इंडिया : द मोदी क्वेश्चन’ हा माहितीपट दाखवायचे ठरवले होते. त्यात 2002 च्या गुजरातचा विषय होता आणि केंद्र सरकारने समाजमाध्यमांवरील त्याचे दुवे बंद करायला लावले होते. परवानगी घेतलेली नाही, शिवाय परिसरातील शांतता व सलोखा बिघडेल, असे विद्यापीठाने आधीच बजावले होते. ऐन वेळी वीज गेली. ती प्रशासनानेच तोडली, असा विद्यार्थ्यांचा आरोप होता. मुलांनी अंधारात बसून मोबाईलवर आणि लॅपटॉपवर माहितीपट पाहिला. चार दिवसांनी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही मुलांनी तो लॅपटॉपवरच पाहिला.

आनंद पटवर्धन यांच्या ‘राम के नाम’ची कथा निराळी नाही. 1992 च्या या माहितीपटाला सेन्सॉरचे ‘यू’ प्रमाणपत्र आहे, राष्ट्रीय पुरस्कार आहे आणि कोर्टात लढून तो दूरदर्शनवरही दाखवला गेला आहे. तरी 2019 च्या ऑगस्टमध्ये हैदराबाद विद्यापीठात पोलिसांनी त्याचा खेळ थांबवला. या माहितीपटात अयोध्येचे पुजारी लालदास मंदिराच्या राजकारणाविरुद्ध स्पष्ट बोलतात. 1993 साली त्यांचा खून झाला. आपल्या बाजूने बोलणारा माणूस रामाच्या मंदिरातला पुजारी आहे, हे मुस्लिम मुलाने पाहिले तर त्याच्या मनातला सलोखा वाढेल की बिघडेल?

हे सारे मी काही दिवसांपूर्वी एका घरगुती बैठकीत तावातावाने मांडत होतो. समोर माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. आज ती वकिली करते. ती शांतपणे म्हणाली, “सर, आपल्या कॉलेजातले दिवे कोणी घालवले होते?”

मी गप्प झालो. गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. आमच्या मुलांच्या मंडळाने हमीद दलवाई यांच्यावर व्याख्यान आणि नंतर चर्चा ठरवली होती. 1966 साली सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन विधिमंडळावर मोर्चा नेणारा, 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारा हा माणूस. मंडळाचा सल्लागार मी. आदल्या संध्याकाळी मोहल्ल्यातले तीन वडीलधारे घरी आले. त्यांनी आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. त्यांतले हाजीसाहेब एवढेच म्हणाले, “सर, मोहल्ल्यातल्या सहा मुली तुमच्या भरवशावर कॉलेजात येतात. हे भाषण झालं तर त्यांचे बाप त्यांना घरी बसवतील. तुमचं तत्त्व राहील, पोरींचं शिक्षण जाईल.”

रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी प्राचार्यांना भेटलो. त्यांनाही कटकट नकोच होती. फलकावर सूचना लागली : तांत्रिक कारणास्तव कार्यक्रम रद्द. त्या सहा मुली पदवीधर झाल्या, हे मी इतकी वर्षे स्वतःला समाधानाने सांगत आलो.

हा प्रश्न विचारणारी मुलगी त्या सहांपैकीच एक. ती म्हणाली, “आमच्यासाठी थांबवलंत. पण आम्हाला विचारलं होतं का?”

दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. सत्तेने दुवे तोडणे वेगळे आणि घाबरलेल्या वस्तीने हात जोडणे वेगळे. आपल्याला सुनावण्यासाठीच दलवाईंचे नाव घेणारे टाळीबाजही मी पाहिले आहेत. मुसलमानांचा विषय निघाला की वर्गातल्या एकुलत्या एक मुस्लिम मुलाकडे वीस माना वळतात आणि त्याला सगळ्या कौमचा वकील व्हावे लागते, हेही मी जाणतो. दुबळ्याची भीती खोटी नसते.

पण बळाबळाच्या फरकावरून दोष कोणाचा किती हे ठरेल. ऐकण्याचा हक्क कोणाला आहे, हे त्यावरून कसे ठरणार? दिल्लीत शांततेच्या नावाने जे झाले, तेच मी मुलींच्या नावाने केले. दोन्हीकडे ज्यांच्या भल्याचा हवाला दिला, त्यांना कोणी विचारले नाही. 2007 साली हैदराबादेत पुस्तक प्रकाशनाच्या वेळी तस्लिमा नसरीन यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा आपल्यापैकी किती जण बोलले? घेताना भरून घेणाऱ्यांना आणि देताना कमी मापणाऱ्यांना कुरआनने कडक इशारा दिला आहे. तो फक्त धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी आहे, असे मला आता वाटत नाही.

कार्यक्रम करावा की मुलींचे शिक्षण वाचवावे, एवढे दोनच मार्ग होते असेही नाही. मला त्या सहा घरी जाता आले असते. बापांना सभागृहात पुढच्या रांगेत बसवता आले असते. दलवाई ज्यांना मान्य नाहीत अशा एखाद्या मौलवीसाहेबांना त्याच संध्याकाळी, त्याच व्यासपीठावर बोलावता आले असते. त्याला चार दिवसांची वणवण लागली असती. कार्यक्रम रद्द करायला दहा मिनिटे लागली.

निघताना ती म्हणाली, “दलवाई मी नंतर वाचले, सर. मला ते सगळे पटले नाहीत. पण ते का पटले नाहीत हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायची संधी मला तेव्हा मिळाली असती.”

तिने विरोधात बोलले असते, ही शक्यता माझ्या मनात तेव्हा आलीच नव्हती. हाजीसाहेबांच्याही आली नव्हती. आम्ही दोघांनीही तिला फक्त ऐकणारी समजलो होतो.