डोळस कोण?

योहानकृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायांत एका जन्मांध भिकाऱ्याची हकीकत आहे. त्याला पाहून शिष्यांनीं प्रभूला विचारलें कीं, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळें, ह्याच्या कीं ह्याच्या आईबापांच्या? हाच प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांत आजही विचारला जातो. कोणी पूर्वकर्माचें नांव घेतो, कोणी शापाचें. आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्या घरांतही अशी कुजबुज आम्हीं ऐकली आहे. प्रभूनें दोन्ही आरोप नाकारले. त्या मनुष्याला वादाचा विषय न करितां त्यानें थुंकीनें चिखल केला, त्याच्या डोळ्यांना लावला आणि शिलोह तळ्यावर जाऊन धुण्यास सांगितलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. तो मनुष्य तळ्याकडे निघाला तेव्हां आंधळाच होता. आधीं दिसूं दे, मग जाईन, असें तो म्हणाला नाहीं. चिखलानें माखलेले डोळे घेऊन तो आज्ञेप्रमाणें चालत गेला आणि डोळस होऊन परत आला.

पुढें त्याची अंतर्दृष्टिही हळूहळू उघडत गेली. शेजाऱ्यांना तो सांगतो कीं, येशू नांवाच्या मनुष्यानें हें केलें. परूश्यांपुढें तो त्याला संदेष्टा म्हणतो. मग देवापासून आलेला म्हणतो. आणि शेवटीं प्रभु स्वतः त्याला शोधून भेटतो तेव्हां तो त्याला नमन करितो. उलट परूशी हे नियमशास्त्र जाणणारे. परंतु शब्बाथ दिवशीं चिखल कालविला, एवढेंच त्यांना दिसलें; ज्याची जन्माची रात्र सरली तो मनुष्य दिसला नाहीं. प्रथम त्यांनीं वाद केला, मग तो जन्मांध होता हेंच ते मानीनात, आणि अखेरीस त्यांनीं त्याला बाहेर घालविलें. प्रकाश एकच, एकाचे डोळे त्यानें उघडले, दुसऱ्यांचे दिपून मिटले. आपल्याला दिसतें असा त्यांचा अभिमान होता, म्हणूनच त्यांचा दोष तसाच राहिला, असा प्रभूचा निर्णय आहे.

प्रिय वाचकहो, हा निर्णय परूश्यांवर ढकलून आपण मोकळे होऊं नये. आपण प्रकाशाचीं लेंकरें म्हणवितों. आपल्यांतील पुष्कळांना वाचतां येतें, आणि उपदेशकांना तर वचनें तोंडपाठ असतात. तरी मंडळींत नवें कुटुंब आलें म्हणजे त्याची पूर्वींची जात कोणती, हें आपण आधीं पाहतों कीं नाहीं? मागें दाराशीं बसलेल्या विधवेच्या घरीं दोन दिवस चूल पेटली नाहीं, हें पुढें उभें राहून शास्त्र वाचणाऱ्याला दिसत नाहीं, आणि जिला एक अक्षर येत नाहीं अशा शेजारणीला तें दिसतें. तर त्या दोघांत डोळस कोणाला म्हणावें?

मात्र आत्म्याचा प्रकाश मिळाला म्हणजे देहाचे डोळे तुच्छ, असें कोणी समजूं नये. प्रभूनें त्या भिकाऱ्याचे आधीं देहाचेच डोळे उघडले. त्याच्या मागून चालणाऱ्यांनींही तेंच केलें. मिरजेस डॉ. वानलेस ह्यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें, आणि तेथें मोतीबिंदूच्या पुष्कळ रोग्यांना दृष्टि मिळाली. केडगांवास पंडिता रमाबाईंनीं अंध स्त्रियांना आश्रय दिला, व तेथें त्यांना बोटांनीं वाचण्याचें शिक्षण मिळालें. घरांतील म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाला असतां त्याला दवाखान्यांत न नेतां जो केवळ प्रार्थना करीत बसतो, त्याचें करणें श्रद्धेचें नव्हे.

आणि ज्याला दृष्टि मिळत नाहीं त्याचें काय? फॅनी क्रॉस्बी (१८२०–१९१५) ह्या अमेरिकन बाईंची दृष्टि तान्हेपणींच गेली व ती परत आली नाहीं. तरी त्यांनीं हजारों गीतें रचिलीं, आणि देशोदेशींच्या मंडळ्यांनीं तीं गाइलीं. परंतु त्यांचें उदाहरण सांगून कोणा अंध बंधूला आपलें दुःख बोलूं न देणें, हा धर्म नव्हे. त्याचा हात धरून त्याला उपासनेस आणणें आणि त्याच्या तोंडची साक्ष ऐकणें, हा आपला धर्म आहे.

म्हणून पुढच्या वेळीं हा अध्याय उघडून बसूं तेव्हां, पाप कोणाचें, हा शिष्यांचा प्रश्न आपण सोडून द्यावा, आणि प्रभो, मला काय दिसत नाहीं, एवढेंच विचारावें. जो मनापासून असें विचारतो त्याच्या डोळ्यांना प्रभूचा हात लागलाच आहे. शिलोहापर्यंत चालत जाणें तेवढें त्याच्याकडे राहिलें.