टाचेकडे कोण बघतं?

दिवाळीचं अभ्यंग आटोपतं, हवेतला ओलावा सरतो आणि एखाद्या रात्री पांघरूण ओढताना टाच गोधडीच्या टाक्याला अडकते. भेग पडल्याचं बहुतेकांना कळतं ते असं. तोवर तोंडाला क्रीम लागलेलं असतं, डोक्याला तेल; टाचेपर्यंत काही पोचलेलं नसतं. खरं तर मान तिचा पहिला. तळपायाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाच्या ग्रंथी नसतातच. त्यात वजन पडलं की टाचेखालची चरबीची गादी बाजूंना पसरते. कातडी मऊ असेल तर तीही ताणते. वाळून घट्टा झाली असेल तर कडेने उलते. मागून उघडी चप्पल, कडक फरशी, ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं, या सगळ्याचा भार त्याच कडेवर.

आपला ओढा मात्र घासण्याकडे. रविवारी बादलीभर गरम पाणी, हातात वज्री, आणि टाच गुळगुळीत होईपर्यंत खरवडायचं. निघालेला मळ डोळ्यांना दिसतो, त्याचं समाधान वेगळंच! काही जण तर ब्लेड घेऊन बसतात. ते कृपा करून नको. फार खरवडलेली कातडी पुन्हा जाडच होऊन येते. पाय भिजवून अधूनमधून हलक्या हाताने घासलं की पुरे. टाच सुधारते ती रोज रात्रीच्या दोन मिनिटांत: पाय धुऊन टिपले, ओल पुरती वाळायच्या आत काहीतरी स्निग्ध चोपडलं, वर सुती मोजे चढवले. यात दिसण्यासारखं काही नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी विसरतं. उसाच्या फडात राबून आलेल्या बाईला अर्थात हे सांगायला जीभ रेटत नाही. तिला मलमाआधी टाच झाकणारे बूट हवेत.

चोपडायचं काय? कोकणात आणि गोव्यात याचं उत्तर कोकमतेल. नावाला तेल, पण रूप पांढरट, घट्ट गोळ्याचं. कोकमाच्या बिया फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळतात. वर येतं ते काढून, निवलं की हाताने वळतात. त्याचा तुकडा पळीत वितळवून, जरा निववून भेगेत भरला की बघता बघता आळतो आणि भेग बुजवून टाकतो. चालताना बसणारी कळ तिथल्या तिथे कमी होते. व्हॅसलीनही वाईट नाही, फक्त ते आहे तो ओलावा अडवतं, नवा आणत नाही. म्हणून ओलसर कातडीवरच लावावं. टाच फारच निबर झाली असेल तर औषधाच्या दुकानात १० ते २५ टक्के युरियाचं मलम मिळतं. ते पाणी धरून ठेवतं आणि मेलेला थर मऊ करतं. रक्ताळलेल्या भेगेवर मात्र झोंबतं.

दुखतंय, झोंबतंय, तोवर एका अर्थी बरंच आहे म्हणायचं. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. घाम कमी होऊन टाच अधिकच वाळते, उलते, आणि आत जंतू शिरले तरी मालकाला पत्ता नसतो. पळीतलं कोकमतेल कढत असलं तरी कळत नाही. पाय भाजून मोकळा. अशा माणसाने पाय गरम पाण्यात बुडवून बसू नये, वज्रीही लांबच ठेवावी. भेग खोल गेली, लाली चढली, पू दिसला की घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवीही रोज तळपाय बघायला हवेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघावेत. घरात सहा-सात वर्षांचं नातवंड असेल तर आरशाचीही गरज नाही. त्याला बघायला सांगा; आजोबांच्या पायाला काय काय झालंय ते शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगेल.