हप्ता थांबल्यावर फाइल कुणाची?

संगणकावर बसवायच्या सॉफ्टवेअरच्या किमतीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. परदेशी कंपन्या लुटतात, हा एक. आणि विकत कशाला घ्यायचं, मिळतं की फुकट, हा दुसरा. या दोन्हीत मूळ प्रश्न बाजूलाच पडतो. दिलेल्या पैशांच्या बदल्यात माझ्या हातात काय राहतं, हे मी आधी बघतो. किमतीचा आकडा त्यानंतर. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत हा व्यवहार वापरणाऱ्याच्या विरुद्ध फिरला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सॉफ्टवेअरला वेगळी किंमत असते ही कल्पना फार जुनी नाही. आयबीएमने १९६९च्या जूनमध्ये यंत्र आणि सॉफ्टवेअर यांचे दर वेगळे करण्याचं जाहीर केलं, तोपर्यंत यंत्राबरोबरच ते मिळत असे. १९७६मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना खुलं पत्र लिहून, आमच्या बेसिकच्या नकला करता ही चोरी आहे, असं सुनावलं. पुढची पस्तीसेक वर्षं एक पद्धत रुळली. खोकं आणायचं, आतली की टाकायची आणि यंत्र साथ देईल तोवर ती आवृत्ती वापरायची. कायद्याने तेव्हाही ग्राहकाला मालकी नव्हती, परवानाच होता. पण त्याला मुदत नव्हती. नवी आवृत्ती निघाली की तिच्यात आपल्या कामाचं काही आहे का ते बघायचं, आणि नसेल तर पैसे खिशातच ठेवायचे. हा नकार ग्राहकाच्या हातातलं खरं बळ होतं. जुन्या गिऱ्हाइकाने पुन्हा पैसे काढावेत असं काही तरी कंपनीला दर वेळी करून दाखवावं लागे.

मे २०१३मध्ये अडोबीने जाहीर केलं की ‘क्रिएटिव्ह सूट ६’ ही एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची आवृत्ती. यापुढे फोटोशॉप, इनडिझाइन, इलस्ट्रेटर सगळं भाड्याने. हिशेब करून बघा. त्या सूटमधला सगळ्यात मोठा संच २,५९९ डॉलरचा होता आणि छपाईच्या कामापुरता संच १,२९९ डॉलरचा. नवं भाडं तेव्हा महिन्याला सुमारे ५० डॉलर होतं. दर दीड-दोन वर्षांनी आवृत्ती बदलणाऱ्या जाहिरात संस्थेला ते परवडणारंच होतं. पण एकदा घेतलेलं सॉफ्टवेअर सात-आठ वर्षं पुरवणाऱ्या छोट्या मुद्रकाची १,२९९ डॉलरची रक्कम सव्वीस महिन्यांत भाड्यापोटी जाते, आणि त्याच दराने सात वर्षांचे ४,२०० डॉलर होतात. शिवाय आठव्या वर्षी तो थांबला तर हातात काही उरत नाही. थांबणंही सोपं नसतं. वार्षिक करार मुदतीआधी मोडल्यास लागणारं शुल्क ग्राहकांपासून झाकून ठेवलं, असा आरोप करत अमेरिकेच्या सरकारने फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून जून २०२४मध्ये याच कंपनीवर दावा लावला. कंपनीने आरोप नाकारला.

भाड्याच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, आणि ते मला मान्यही आहे. जिथे कंपनीचा सर्व्हर रात्रंदिवस चालतो, माझ्या फाइली तिच्याकडे साठवल्या जातात, तिथे खर्च दरमहा आहे आणि तो मी दरमहा द्यावा हे न्याय्यच. सुरक्षेच्या दुरुस्त्या करणाऱ्या माणसांनाही पगार लागतो. पण जो प्रोग्राम माझ्या टेबलावरच्या यंत्रावर, माझ्या विजेवर चालतो, त्याला माझ्या जुन्या कामाच्या दारावर का उभं करायचं? मासिकाची वर्गणी थांबवली तर पुढचा अंक येत नाही. कपाटातले जुने अंक कुणी उचलून नेत नाही. भाड्याच्या सॉफ्टवेअरचं तसं नाही. मी पाच वर्षं राबून केलेली मांडणी, माझी रेखाटनं, माझी पुस्तकं त्याच कंपनीच्या बंद रचनेत साठवलेली असतात. हप्ता थांबला की ती माझ्याच डिस्कवर असून मला नीट उघडता येत नाहीत. माझा आक्षेप इथे आहे. पुढच्या सुधारणा हव्यात तर पैसे मोजीन, पण मागच्या कामावर हप्ता कसला?

मराठी छपाईच्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये, कारण भाडेपद्धत यायच्या कितीतरी आधी आपण हे भोगलं आहे. पेजमेकर १९८५मध्ये आलं आणि पुढच्या दशकात खिळ्यांची जुळणी मागे पडून डीटीपी आलं. तेव्हा मराठीसाठी ज्या त्या कंपनीने आपापली फॉन्टची व्यवस्था बनवली. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे: इथे काना, तिथे अर्धा स, आणखी कुठे रफार. पडद्यावर मराठी दिसे, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ साठवला जाई. एका कंपनीची फाइल दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडली की वाचता येत नसे. काही संचांना वर हार्डवेअर लॉकही होतं. प्रिंटरच्या पोर्टला लावायची बोटभर डबी. ती नसली की सॉफ्टवेअर सुरूच होत नसे.

पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या एका मुद्रणालयात अगदी अलीकडेपर्यंत कोपऱ्यात विंडोज एक्सपीचं एक जुनं यंत्र जपून ठेवलेलं होतं. मागे तो रुंद पोर्ट, त्यात ती डबी, डबीवर चिकटपट्टी. नव्या यंत्रांना तसला पोर्टच नसतो. तिथल्या ऑपरेटर ताई मला म्हणाल्या, “सर, हे बंद पडलं ना, की वीस वर्षांची पुस्तकं गेली.” पुनर्मुद्रणासाठी एका चरित्राची फाइल आम्ही तिथून काढली आणि कन्व्हर्टरमधून युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या मानकात आणली. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्या फाइलीत अक्षरामागून येतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ आधी लागतो. जोडाक्षर मध्ये आलं की कन्व्हर्टर चुकतो. ‘वार्षिक’सारख्या शब्दात तर दोन्ही अडचणी एकदम येतात. पानापानावर रफार भलत्या अक्षरावर चढलेले, वेलांट्या शेजारच्या अक्षराला लागलेल्या. एकदा टाइप केलेल्या, दोनदा प्रूफ वाचलेल्या पुस्तकाची तिसऱ्यांदा मजुरी द्यावी लागली. सॉफ्टवेअरच्या किमतीचा हा भाग कुठल्याच पावतीवर नसतो.

युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि विंडोज २०००पासून ती घरच्या-कचेरीच्या यंत्रावर आली. पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, म्हणून छपाईचं जग जुन्या फॉन्टवरच राहिलं. मराठीसह दहा भारतीय भाषांची सोय इनडिझाइनच्या मूळ खोक्यात आली ती २०१२च्या त्याच सहाव्या आवृत्तीत. पुढच्याच वर्षी नवी खोकी निघणं बंद झालं. मराठीसाठी कायमचं विकत घेण्याजोगं इनडिझाइन जेमतेम एका आवृत्तीपुरतं टिकलं, ही गोष्ट मला आजही लागते.

आता आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या चोरट्या सीडींवर आणि पुढे क्रॅकवर आपला धंदा उभा राहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. डॉलरमधली किंमत रुपयात कमावणाऱ्याला झेपत नव्हती, वर आज १८ टक्के जीएसटी आहे, हे खरंच. तरीही चोरट्या प्रतीने नुकसान कुणाचं केलं? बड्या परदेशी कंपन्यांना जगभर गिऱ्हाईक होतं. मार बसला तो मराठी फॉन्ट, शुद्धलेखन तपासणी, कोश बनवणाऱ्या इथल्या छोट्या मंडळींना, ज्यांना दुसरी बाजारपेठच नव्हती. ती डबी याच भीतीतून आली. दुसरं नुकसान मला अधिक मोठं वाटतं. कोरलड्रॉ फुकटात मिळत असताना इंकस्केपसारखं मुक्त सॉफ्टवेअर कोण शिकणार? पेजमेकरची चोरटी सीडी हाताशी असताना तसल्याच मुक्त स्क्रायबसला मराठी नीट यावी म्हणून कोण खटपट करणार? आणि ज्याने कधी पैसेच दिले नाहीत, त्याने भाड्याच्या अटींवर तक्रार केली तर कंपनीने ती का ऐकावी?

जिथे पैसे देणाऱ्यांनी आवाज उठवला, तिथे ऐकलं गेलं आहे. प्रोग्रामरांची साधनं बनवणाऱ्या जेटब्रेन्स या झेक कंपनीने २०१५मध्ये भाडेपद्धत जाहीर केली. ग्राहक खवळले आणि थोड्याच दिवसांत कंपनीने अट बदलली: सलग बारा महिने पैसे भरले की एक आवृत्ती कायमची तुमची, पुढे हप्ता थांबवलात तरी ती चालत राहील. मला याहून रास्त तोड माहीत नाही. कंपनीला नियमित उत्पन्न, आणि ग्राहकाचा तो जुना नकाराधिकारही शाबूत.

दुसरा मार्ग ब्लेंडरचा. त्रिमिती चित्रणाचं हे सॉफ्टवेअर बनवणारी डच कंपनी २००२मध्ये बंद पडली. गुंतवणूकदारांनी हक्क सोडायला एक लाख युरो मागितले. वापरणाऱ्यांनी आणि चाहत्यांनी ते सात आठवड्यांत जमवले आणि सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं झालं. त्यावर बनलेल्या ‘फ्लो’ या लाटवियन चित्रपटाला २०२५मध्ये ऑस्कर मिळालं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे हौशी, अर्धंकच्चं असं अजून कुणाला वाटत असेल, तर त्याने हा चित्रपट बघावा. त्यामागे पैसे होतेच. लोकांनी ते हप्त्याची सक्ती नसताना दिले. आपल्याकडे मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ किंवा रेड हॅटचा ‘लोहित’ फॉन्ट रोज वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी अशा कुठल्याही कामाला शंभर रुपये दिले असतील?

सरकारचं काम इथे साधं आहे. लिब्रेऑफिस वापरतं ती ओपनडॉक्युमेंट ही फाइलरचना २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. केंद्राने ई-कारभारासाठी खुल्या मानकांचं धोरण २०१०मध्ये केलं. ते कागदावर न ठेवता विद्यापीठं, साहित्य संस्था आणि सरकारी प्रकाशनं यांच्या प्रत्येक कंत्राटात एक अट घालावी: छापील पुस्तकाबरोबर त्याचा युनिकोडमधला मजकूर खुल्या रचनेत जमा झाला पाहिजे. पीडीएफ पुरेशी नाही. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर काढला की पुन्हा तोच गोंधळ हाती येतो.

आणि तुम्ही मुद्रक असा, लेखक असा, हिशेबनीस असा, पुढचं सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला दर विचारण्याआधी एवढं विचारा: मी पैसे थांबवले तर माझ्या आजवरच्या फाइली मला उघडता, बदलता आणि दुसरीकडे नेता येतील का? उत्तर ‘हो’ असेल तर घासाघीस न करता पूर्ण पैसे द्या, क्रॅक शोधू नका. ‘नाही’ असेल तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. आणि ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर तुमचं पोट चालतं, त्याला या वर्षीच्या खर्चात एक रक्कम लिहून ठेवा.